डावीकडून चौथा

“गुरुजी, मी कुठं बसू?”

बसच्या पायरीवर एक पाय ठेवून चाइश्या उभी होती. दोन्ही हातांत टोपल्या. टोपल्यांत फडक्याखाली बोटभर जाडीच्या क्वोख्वेइ भाकऱ्या, उकडलेली अंडी आणि तिखटाच्या तेलाची बरणी. अंगात नवा जांभळा कोट होता आणि त्याची किमतीची चिठ्ठी मानेमागे अजून लोंबत होती.

बसमध्ये एकच गलका उडाला. “चाइश्या आजी, इकडे! आजी, माझ्याजवळ! गुरुजी, पंगफेइनं दोन जागा अडवल्यात!”

“पुढं बसा, काकू,” ड्रायव्हर याओ म्हणाला. “आणि गाडी लागत असेल तर आत्ताच सांगा. कालच धुतलीय.”

“मला गाडी लागते होय रे? तिसरीत असताना चार भाकऱ्या खाऊन माझ्या चुलीपुढं कोण ओकला होता, सांगू का पोरांना?”

याओनं घाईघाईनं चावी फिरवली. मुलं खिदळली. मी मात्र तिच्या मानेमागची चिठ्ठी हळूच तोडून खिशात टाकली.

चाइश्या आमच्या शाळेत सव्वीस वर्षं स्वयंपाक करत होती. दर वसंतात आमची सहल च्यानलिंगला, सम्राटाच्या थडग्यांना जायची. दरवर्षी ती टोपल्या भरून बसमध्ये चढवायची आणि फाटकात उभी राहून पळी हलवत निरोप द्यायची. ज्या डोंगरात ते थडगं आहे तो तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. तरी सव्वीस वर्षांत ती एकदाही आली नव्हती. यंदा सोमवारी ती माझ्या वर्गाच्या दारात आली आणि हात पुसत म्हणाली, “गुरुजी, तुमच्या सहलीत एक म्हातारी मुलगी चालेल का?”

बस गव्हाच्या शेतांमधून निघाली तशी शिनयुएनं विचारलंच. ही मुलगी प्रश्न पोटात ठेवत नाही.

“आजी, तुम्ही आधी का नाही आलात?”

“आईनं बंदी घातली होती.”

“एवढ्या मोठ्या माणसाला आई बंदी घालते?”

“आई ऐंशीची झाली तरी घालते. उलट तेव्हा जास्तच घालते.”

मग तिनं मुलांना सगळं सांगितलं, आणि सांगताना स्वतःच पोरासारखी पुढं सरकून बसली. तिचा बाप तिथं माती वाहायला जायचा. सम्राटाचं मोठं थडगं डोंगराच्या पोटात आहे, ते कुणी उघडलं नाही. पण खाली सपाटीवर त्याच्या नातीची कबर आहे, सतरा वर्षांच्या राजकन्येची. ती उघडायला सरकारनं आसपासच्या गावांतून माणसं घेतली होती. काम संपलं आणि वर्षभरात बापाला खोकला जडला. पुढच्या हिवाळ्यात तो गेला. चाइश्या तेव्हा चार वर्षांची. आईनं सगळा राग त्या राजकन्येच्या कबरीवर काढला. “दुसऱ्याच्या पोरीचं दार फोडलं, आता आपल्या पोरीचं दार कोण राखणार?” एवढंच ती म्हणायची. आणि मी जिवंत असेपर्यंत कुणी त्या बाजूला फिरकायचं नाही, असं बजावायची.

“आता आई नाही,” चाइश्या म्हणाली. “या शरदात तिचं तिसरं वर्ष आहे.”

आमच्याकडे माणूस गेल्यावर तिसऱ्या वर्षी घरचे पांढरे कपडे उतरवून लाल लेतात, वाजंत्री लावतात, गावजेवण घालतात आणि कबरीवर दगड उभा करतात. हल्ली त्या दगडात चिनी मातीचे दोन लंबगोल बसवतात, एकात आईचा फोटो, एकात बापाचा. चाइश्याच्या आईचे फोटो ढीगभर होते. बापाचा एकही नव्हता. त्या काळी फोटो काढायला तालुक्याला जावं लागे, आणि तालुक्याला जायला कारण लागे. त्याचा चेहरा तिला आठवत नव्हता. मनाला ताण देऊनही फक्त खोकला आठवायचा.

ती यंदा सहलीला आली यात माझाही थोडा हात होता. आदल्या वर्षीच्या सहलीत मी राजकन्येच्या कबरीजवळ एक नवी खोली पाहिली होती. भिंतीवर खोदकामाच्या वेळचे जुने फोटो. त्यातल्या एकात माती वाहणारे चौघे गडी होते, खाली फक्त ‘परिसरातील गावकरी, १९६१’ असं लिहिलेलं. परत आल्यावर मी हे चाइश्याला सांगितलं. ती भांडी घासता घासता थांबली आणि म्हणाली, “चेहरे कसे होते?” मला सांगता येईना. मी तेव्हा अठ्ठावीस मुलं मोजत होतो आणि ती सत्तावीस भरत होती.

“पण ओळखणार कसं?” पंगफेइ म्हणाला. “तुम्ही तर विसरलात ना?”

“आई सांगायची, त्याच्या डाव्या भुवईत तीळ होता. हा एवढा, मोहरीएवढा.”

बसच एकदम हेरांची टोळी झाली. डावी भुवई म्हणजे फोटोत कुठली, आपल्या डावीकडची की त्याच्या, यावर भांडण जुंपलं. मी दोघांना समोरासमोर उभं करून एकमेकांच्या डाव्या भुवईला डावा हात लावायला सांगितलं. दोघांचे हात एकमेकांना आडवे गेले तेव्हा त्यांना कळलं. पाठ्यपुस्तकातला एक पाठ तिथंच आटोपला.

च्यानलिंगला पोचलो. नियमानं आधी डोंगराची, दगडी प्राण्यांच्या रांगांची मोठी वाट, मग खालची कबर. मी हा क्रम कधी मोडत नाही. मुलांना मोठ्याकडून लहानाकडे न्यावं. पण त्या दिवशी मुलांपेक्षा चाइश्याच मला पुढं ओढत होती.

“हा पंखवाला घोडा. बघितला ना? पंख बघितले? चला.”

“आजी, शहामृग राहिला!”

“पळता पळता बघ, तोही पळतच असतो.”

सम्राटाशेजारीच पुरलेल्या राणीसाहेबांच्या कोऱ्या शिलालेखापाशी मुलं थांबलीच. केवढा मोठा दगड आणि एक अक्षर कोरलेलं नाही.

“गुरुजी, कोरा पेपर दिला तर तुम्ही शून्य देता,” पंगफेइ म्हणाला. “इथं मात्र कुंपण घालून ठेवलंय.”

“तू राणी हो, तुझ्या पेपरालाही कुंपण घालतो.”

पुढं परदेशी पाहुण्यांचे दगडी पुतळे रांगेत उभे आहेत, सगळे मुंडकी नसलेले. मुलांना या जागेइतकी दुसरी कुठलीच जागा आवडत नाही. कुंपणाबाहेरून नेम धरून एकानं मागं असं उभं राहायचं की दुरून पुतळ्यावर त्याचंच डोकं दिसावं, ही माझ्या शाळेची पिढीजात रीत आहे. याओसुद्धा लहानपणी इथं इराणचा राजदूत झाला होता. त्या दिवशी शिनयुए ओरडली, “आजी, तुम्ही पण!” आणि साठीची चाइश्या टोपली खाली ठेवून खरंच मागं जाऊन उभी राहिली. दगडाच्या रुंद खांद्यांवर तिचं लालबुंद, घामेजलं तोंड.

“शोभतंय का?” तिनं विचारलं.

“आजी, तुम्ही कुठल्या देशाच्या?”

“स्वयंपाकघर देशाची. आता चला बघू!”

साडेअकराला आम्ही खालच्या कबरीपाशी आलो. मुलांची जेवणाची वेळ झाली होती. सव्वीस वर्षांत या बाईनं मुलांचं जेवण पाच मिनिटंही उशिरा वाढलं नव्हतं. पंगफेइनं टोपलीवरचं फडकं उचललं तशी ती म्हणाली, “जेवण नंतर.” मुलांनी फडकं परत अंथरलं. हे शब्द त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकलेच नव्हते.

फोटोंची खोली लहान होती. निळ्या गणवेशातली एक तरुण मुलगी खुर्चीवर बसून राखण करत होती. मी म्हणायच्या आत अठ्ठावीस मुलं भिंतीला चिकटली.

“हा! हाच फोटो! गुरुजी, चौघे आहेत!”

“पहिल्याला तीळ नाही.”

“आहे, हा काय!”

“काचेवरचा डाग आहे तो, पुसून बघ.”

“दुसरा म्हातारा आहे, तो नाही. तिसरा हसतोय. भुवई दिसतेय, तीळ नाही.”

“चौथा?”

सगळ्या माना एकदम डावीकडून चौथ्या माणसाकडे वळल्या आणि आवाज थांबला. शिनयुएनं माझी बाही ओढली आणि हळूच म्हणाली, “गुरुजी, त्याला चेहराच नाही.”

तिघे गडी छायाचित्रकाराकडे बघत उभे होते. चौथा मात्र कामाला लागला होता. काठीचं पुढचं टोक खांद्यावर, मागं लोंबणारी मातीची टोपली, काठीचं मागचं टोक आणि ते धरणारा गडी फोटोच्या कडेबाहेर, आणि तो समोरचा चढ चढायला निघालेला. पाठमोरा. दिसत होती ती मान, टाळूवर गुंडाळलेला पंचा आणि पाठ.

चाइश्या मागंच थांबली होती. तिनं कोटाला हात पुसले, चष्मा लावला आणि मुलांच्या मधून पुढं आली. पहिला, दुसरा, तिसरा असं ती सावकाश बघत गेली. चौथ्याशी थांबली. मी तिला काय म्हणावं याची मनात जुळवाजुळव करत होतो. पुढच्या वर्षी आणखी फोटो लावतील, किंवा असंच काहीतरी.

तेवढ्यात ती मोठ्यांदा हसली.

“अगं बाई! ही तर बैलाची जीभ!”

“काय?”

“ही बघा, खांद्यावरची गादी! बाकीच्यांची बघा, कशी गोल आहे गळपट्टीसारखी. आणि याची? पार कमरेपर्यंत आलीय. ही माझ्या आईनं शिवलीय!”

आणि ती भराभर सांगू लागली. माती वाहणाऱ्यांचे खांदे सोलवटू नयेत म्हणून बायका जुन्या कापडाचे थर खळीनं चिकटवून, बुटाच्या तळव्यासारखे घट्ट टाके घालून गादी शिवत. तिच्या बापाकडे कोट एकच होता आणि टोपलीतून चिखलाचं पाणी पाठीवर गळायचं. म्हणून आईनं गादीला मागं लांब पट्टी जोडली. सगळ्या टोळीनं त्याला चिडवलं, बैलाची जीभ लोंबतेय म्हणून. आई नवऱ्याबद्दल हसून बोलली ती आयुष्यात ही एकच गोष्ट, तीही शेवटच्या आजारात, अंथरुणावर पडल्या पडल्या.

मुलांना तेवढं पुरे होतं. “सापडले! आजीचे बाबा सापडले!” खोली दणाणून गेली. राखणदार मुलगी खुर्चीतून उठली. पंगफेइ काचेला नाक लावून ओरडला, “आजोबा, इकडं बघा! मागं वळा!” मग सगळेच सुरू झाले, “आजोबा, वळा! वळा!”

“आजोबा कसले?” शिनयुए बोटं मोजून म्हणाली. “तेव्हा किती वर्षांचे होते ते, आजी?”

“पंचवीस.”

“मग ते तुमच्यापेक्षा पस्तीस वर्षांनी लहान आहेत!”

चाइश्यानं हे क्षणभर डोक्यात घोळवलं. मग कमरेवर हात ठेवून, जेवणाच्या रांगेत दंगा करणाऱ्यावर ओरडायची तिची जी पट्टी, त्याच पट्टीत ती फोटोवर ओरडली, “ए पोरा! ऐकू येत नाही? वळ इकडे!”

तो वळला नाही. ती चष्मा काढून पुसत राहिली. चष्मा बराच वेळ पुसला जात होता.

“मी याचा फोटो काढू का?” मी राखणदार मुलीला विचारलं.

“काढा की. पण चांगले फोटो पलीकडं आहेत, सोन्याचे दागिने, चित्रं. हे नुसते माती वाहणारे.”

“हे यांचे वडील आहेत,” शिनयुएनं तिला ऐकवलं.

ती मुलगी ओशाळली. काचेवर खिडकीचा उजेड पडून माझ्या फोनमध्ये फोटो पांढरा येत होता. तिनं आपला गणवेशाचा कोट काढला आणि दोन्ही हातांनी पडद्यासारखा खिडकीपुढं धरून उभी राहिली. हात भरून आले असतील, तरी मी सहा फोटो काढेपर्यंत हलली नाही.

मग आम्ही कबरीत उतरलो. लांबच लांब उतार जमिनीच्या पोटात जातो, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर रंगवलेल्या दासी. मी मुलांना पावलं मोजायला लावली. कुणाची एकशे साठ भरली, कुणाची दोनशे. “आता सांगा, हे सगळं मातीनं भरलेलं होतं. किती टोपल्या निघाल्या असतील?” मुलं वर बघू लागली, खाली बघू लागली. लाखापर्यंत गेली आणि थकली. चाइश्या भिंतीला हात न लावता, पण हात भिंतीजवळ धरून चालत होती.

“आजी, ही सगळी माती तुमच्या बाबांनी काढली?”

“निम्मी तरी,” ती म्हणाली. तिच्या आवाजात एवढा दिमाख होता की भिंतीवरच्या दासीही तिच्याकडे बघतायत असं वाटलं.

अगदी तळाशी राजकन्येची काळ्या दगडाची पेटी आहे. तिथं ती जरा वाकली आणि हलकेच म्हणाली, “सतराच वर्षांची. आईला सांगायला हवं होतं. तिनं हिच्यावर एवढं रागवायला नको होतं.”

बाहेर उन्हात बसून आम्ही भाकऱ्या फोडल्या. तिखटाचं तेल बोटांवरून मनगटापर्यंत आलं. माझ्या फोनवरचा फोटो याओच्या हातात गेला. त्यानं तो मोठा करून पाहिला आणि डोकं हलवलं.

“काकू, राग मानू नका. पण पाठीवरून कुणी ओळखतं का? पाठी सगळ्यांच्या सारख्याच. आणखी कुणाच्या बायकोनं तशी गादी शिवली नसेल कशावरून?”

चाइश्याचा घास हातात राहिला. मुलं याओवर तुटून पडली, पण ती त्यांना म्हणाली, “असू दे. तो खोटं नाही बोलत.” आणि परतीच्या वाटेवर सगळी बस गात असताना ती खिडकीबाहेर डोंगराकडे बघत राहिली.

तरीही तिनं तोच फोटो दगडाला दिला. दगड घडवणारा म्हणाला, बाई, पाठमोरा माणूस मी आजवर बसवलेला नाही. चुलतभाऊ भांडला, “पोरं समोर नैवेद्य ठेवणार आणि पूर्वज त्यांना पाठ दाखवणार? गाव हसेल. त्यापेक्षा चित्रकाराकडून चेहरा काढून घे.” ती म्हणाली, “चित्रकाराचा बाप नको मला.” पण मला एकट्याला तिनं विचारलं, “गुरुजी, तो दुसऱ्याच कुणाचा बाप निघाला तर? आईशेजारी मी परका माणूस बसवला असं होईल ना?” मुलांना मी कधी खोटं उत्तर देत नाही, तिलाही दिलं नाही. मला माहीत नाही, असं म्हणालो.

तिसऱ्या वर्षाचा दिवस उजाडला. मक्याची कणसं काढून झाली होती, अंगणं पिवळीधमक होती. सनईवाले गाल फुगवून वाजवत होते. चाइश्यानं पांढरा पट्टा उतरवून लाल बांधला. शाळेची सगळी मुलं आली होती. मटणाचा वास त्यांना वर्गात बसू देत नव्हता. कबरीवर दगडाचं लाल कापड ओढलं गेलं आणि लोक पुढं सरकले. डावीकडं आई, गालावर सुरकुत्या, डोळ्यांत जरब. उजवीकडं मान, पंचा, लांब पट्टीची गादी. कुणी हसलं नाही, पण कुजबूज सुरू झाली. चुलतभावानं माझ्याकडे ‘बघितलंत?’ अशा नजरेनं पाहिलं.

तेवढ्यात बांधावरून याओची हाक आली. “थांबा! जरा वाट द्या!”

तो एका म्हाताऱ्याला दंडाला धरून आणत होता. बसच्या वाटेवरच्या प्रत्येक गावात तो सहा महिने विचारत फिरला होता, राजकन्येच्या कबरीवर कोण कोण होतं म्हणून. त्यानं मला अवाक्षर सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याचं नाव शांग, वय सहाऐंशी, राहणार पलीकडच्या ओढ्याकाठी.

शांगबाबा काठी टेकत दगडापुढं येऊन थांबला. दम घेतला. आईच्या फोटोकडे त्यानं पाहिलं नाही.

“बाबा, ओळखता का?” चाइश्यानं विचारलं.

“एका काठीला दोघं असायचो,” तो म्हणाला. “तो पुढं, मी मागं. पावणेदोन वर्षं. त्याचं तोंड विचारशील तर मला आठवत नाही बघ, पोरी. तोंड कुणी बघितलंय? दिवसभर ही जीभ माझ्या डोळ्यांपुढं हलायची.”

सनईवाले थांबले होते.

“चढावर बोलायला दम नसतो,” तो सांगू लागला, चाइश्याला की मुलांना कोण जाणे. “मागच्याचा खांदा दुखला की त्यानं पुढच्याच्या पाठीत बोट टेकवायचं. असं. मग दोघांनी एकदम खांदा बदलायचा. हा कधी मागं वळून ‘काय रे’ म्हणाला नाही. बोट टेकलं की बदललाच.”

त्यानं वाकून आपलं वाकडं बोट त्या लंबगोलावर, गादीच्या खाली, पाठीच्या मधोमध टेकवलं आणि तसंच ठेवलं. चाइश्या त्याच्या शेजारी उभी होती.

मग शांगबाबानं हातातली काठी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली.